लेबलावर ॲलर्जीचा इशारा नाही म्हणून परत मागवलेली वैद्यकीय उपकरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅथेटरचा, म्हणजे शरीरात घालायच्या नळीचा, एखादा लॉट, ड्रेसिंगची पाकिटं किंवा ऑपरेशनला लागणाऱ्या सामानाचे तयार संच कंपनीनं परत मागवले, आणि कारण काय, तर ‘लेबलावर लेटेक्सचा (रबराच्या झाडाच्या चिकाचा) उल्लेख नव्हता’. अशी बातमी आली की लोक गोंधळतात. ज्यांना ॲलर्जी आहे ते घाबरतात आणि ज्यांना नाही ते ‘एवढंसं काय’ म्हणून पुढे जातात. दोघांच्याही मनात येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. एखाद्या माणसाची तपासणी वा उपचार ठरवणं हे त्याच्या डॉक्टरांचं काम आहे, ते या पानानं होणार नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि काय आवर्जून सांगायचं, तेवढं इथून कळावं.

वस्तू निर्जंतुक आहे, नीट चालते. मग लेबलावर एक ओळ नाही म्हणून परत का मागवायची?

कारण ज्याला त्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ती वस्तू नीट नाहीच. शंभरजणांना निर्धोक असलेला कॅथेटर एकशे एकाव्याचा श्वास कोंडू शकतो, आणि तो एकशे एकावा कोण, हे कॅथेटरकडे बघून कुणालाच कळत नाही. ते कळण्याचे रस्ते दोनच. रुग्णानं सांगितलेली ॲलर्जी केस पेपरवर असली पाहिजे आणि वस्तूत काय आहे ते लेबलावर असलं पाहिजे. सिस्टरनं दोन्ही वाचलं की धोका तिथेच टळतो. लेबलावर ती ओळ नसेल, तर केस पेपरवर लाल शाईनं लिहूनही उपयोग होत नाही.

म्हणूनच कायदा लेबलाला उपकरणाचा भाग मानतो. अमेरिकेच्या कायद्यात आवश्यक इशारा नसलेलं उपकरण हे चुकीच्या लेबलाचं उपकरण ठरतं, मग आतली वस्तू कितीही उत्तम असो. ‘नुसती छपाईची चूक’ हे शब्द अशा बातम्यांखाली फार वाचायला मिळतात. मला ते पटत नाहीत.

‘वैद्यकीय उपकरण’ म्हणजे एमआरआयसारखी यंत्रंच ना?

नाही. हातमोजे, सुई, सिरिंज, सलाईनची नळी, लघवीचा कॅथेटर, पट्टी, टाके घालायचा धागा, निरोध, दातात भरायचं सिमेंट, साखर मोजायचा सेन्सर, हृदयातला स्टेंट, गुडघ्याची वाटी, हे सगळं उपकरणांत मोडतं. ॲलर्जीचा प्रश्न तर मोठ्या यंत्रांपेक्षा या बारीकसारीक, रोज हाताळल्या जाणाऱ्या आणि म्हणून फारसं लक्ष न जाणाऱ्या वस्तूंमध्येच जास्त येतो.

हा इशारा छापण्याची सक्ती आली कुठून?

माणसं दगावली, त्यातून आली. रबरी हातमोज्यांमुळे अंगावर गांधी उठल्याची नोंद ब्रिटनमधून १९७९ मध्ये झाली होती, पण त्याकडे त्वचेची एक किरकोळ तक्रार म्हणूनच पाहिलं गेलं. मग एचआयव्हीचं संकट आलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं, प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य असू शकतं असं धरून काळजी घ्यायला सांगितलं, आणि हातमोज्यांचा वापर एकदम वाढला. जे हातमोजे पूर्वी ऑपरेशनपुरते होते, ते वॉर्डात, प्रयोगशाळेत आणि दातांच्या दवाखान्यात दिवसभर हातांवर राहू लागले. ते बहुतेक नैसर्गिक रबराचे, आणि घालायला सोपे जावेत म्हणून पावडर लावलेले.

त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या आतड्याचा एक्स-रे काढताना, म्हणजे बेरियम एनिमा देताना, काही रुग्ण टेबलावरच कोसळले. सुरुवातीला संशय बेरियमवर गेला. दोष निघाला नळीच्या टोकाशी असलेल्या लेटेक्सच्या फुग्यात. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, देशभरातल्या डॉक्टरांना लेटेक्सबद्दल सावध केलं. १९८८ ते १९९२ या काळात त्यांच्याकडे लेटेक्सच्या दुष्परिणामांचे हजाराहून जास्त अहवाल आले आणि त्यांत १५ मृत्यू होते.

यातून ३० सप्टेंबर १९९७ रोजी नियम प्रसिद्ध झाला आणि बरोबर एका वर्षानं, ३० सप्टेंबर १९९८ पासून, लागू झाला. माणसाच्या शरीराशी संपर्क येणाऱ्या ज्या उपकरणात नैसर्गिक रबर लेटेक्स आहे, त्याच्या लेबलावर ‘सावधान : या उत्पादनात नैसर्गिक रबर लेटेक्स आहे, त्यामुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते’ या अर्थाचं ठरावीक वाक्य छापणं बंधनकारक झालं. लेटेक्स वस्तूत नसून नुसत्या वेष्टनात असेल तर त्यासाठी वेगळं वाक्य, आणि सिरिंजच्या दट्ट्यासारख्या सुक्या नैसर्गिक रबरासाठी आणखी वेगळं. आज जी उपकरणं ‘लेटेक्सचा इशारा नाही’ म्हणून अमेरिकेत परत मागवली जातात, ती याच नियमाखाली.

पावडरचा प्रश्न मात्र आणखी बरीच वर्षं रेंगाळला. ती पावडर लेटेक्समधली प्रथिनं स्वतःला चिकटवून हवेत उडवते, त्यामुळे हातमोजे न घातलेल्या माणसालाही दम लागू शकतो. अमेरिकेनं पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर संपूर्ण बंदी घातली ती थेट १८ जानेवारी २०१७ पासून. मधली वीस वर्षं ज्या परिचारिकांनी दम्याची औषधं घेत ड्युटी केली, त्यांच्या दृष्टीनं हा उशीर फार मोठा होता.

लेटेक्समध्ये असं काय असतं? सगळंच रबर वाईट का?

रबराच्या झाडाचा चीक म्हणजे नैसर्गिक लेटेक्स. त्यात रबराबरोबर झाडाची प्रथिनंही येतात आणि काहींचं शरीर त्या प्रथिनांना शत्रू समजतं. मग मिनिटांत खाज, गांधी, ओठ-डोळे सुजणं, शिंका, दम, आणि गंभीर असेल तर रक्तदाब कोसळणं. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

दुसरा प्रकार संथ असतो. हातमोजे घातल्यावर एक-दोन दिवसांनी हात लाल होतात, भेगा पडतात, खाजतात. हे बहुधा रबर घट्ट करायला वापरलेल्या रसायनांमुळे होतं. त्रासदायक खरं, पण जिवावर बेतत नाही. ही रसायनं नायट्राइलच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या, हातमोज्यांतही असू शकतात, म्हणून ‘नायट्राइल घालूनही हात चिघळतात’ असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नये.

नायट्राइल, व्हिनाइल, सिलिकॉन यांत झाडाचा चीक नसतो, त्यामुळे पहिल्या प्रकारची ॲलर्जी असलेल्यांना ते चालतात. भिंतीला लावायचा ‘लेटेक्स पेंट’ही कृत्रिम असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

कोणी जास्त जपायचं?

ज्यांची लहानपणापासून अनेक ऑपरेशनं झाली आहेत त्यांनी सर्वांत जास्त. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषाची, म्हणजे स्पायना बायफिडाची मुलं यात आघाडीवर आहेत, कारण ऑपरेशनं आणि रोजचा लघवीचा कॅथेटर यांतून त्यांचा रबराशी जन्मापासून संबंध येतो. त्यानंतर डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि रबराच्या कारखान्यातले कामगार.

आणखी एक खूण आहे. केळं, किवी, ॲव्होकाडो किंवा चेस्टनट खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज येते किंवा ओठ सुजतात, त्यांच्यापैकी काहींना लेटेक्सचीही ॲलर्जी असते, कारण दोन्हींतल्या काही प्रथिनांची ठेवण सारखी असते. किवी आणि चेस्टनट आपल्याकडे सगळ्यांच्या खाण्यात नसतात, पण केळं तर उपवासापासून शिकरणीपर्यंत सगळीकडे. ‘केळं बाधतं’ असं आपण घरात सहज म्हणतो. बाधतं म्हणजे कफ होतो की तोंड खाजतं, हे एकदा नीट विचारून घ्या. तोंड खाजत असेल तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. फुगा फुगवताना ओठ सुजणं, दातांच्या डॉक्टरांकडून आल्यावर तोंडाभोवती पुरळ येणं, निरोध वापरल्यावर खाज येणं, याही सांगण्यासारख्याच गोष्टी आहेत. शेवटची सांगायला संकोच वाटतो, तरीही सांगा.

पाकिटावर ‘लेटेक्स फ्री’ आहे. आता तर निर्धास्त?

पूर्ण नाही. एखाद्या वस्तूत लेटेक्सच्या प्रथिनाचा कणही नाही, हे चाचणीनं छातीठोकपणे सिद्ध करता येत नाही. वस्तू नायट्राइलची असली तरी शेजारच्या यंत्रावर लेटेक्सचे हातमोजे बनत असतील तर अंश चिकटू शकतो. म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०१४ मध्ये कंपन्यांना सुचवलं की ‘लेटेक्स फ्री’ लिहू नका, ‘नैसर्गिक रबर लेटेक्स वापरून बनवलेलं नाही’ असं लिहा. जेवढं खात्रीनं माहीत आहे तेवढंच हे दुसरं वाक्य सांगतं, आणि ज्या पाकिटावर ते दिसेल त्या कंपनीवर मी जास्त विश्वास ठेवीन. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ‘ॲलर्जीची शक्यता कमी’, या शब्दाला तर १९९७ च्या नियमानंच लेटेक्सच्या वस्तूंवर मनाई केली. तो शब्द वाचून ॲलर्जी असलेली माणसं निर्धास्त होत होती आणि आत लेटेक्स होतंच.

एवढा स्पष्ट नियम असताना इशारा छापायचा राहतो तरी कसा?

सगळ्यात जास्त घोळ तयार संचांमध्ये होतो. सिझेरियनचा, डोळ्याच्या ऑपरेशनचा, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकण्याचा असा संच एका ट्रेमध्ये बांधून येतो. आत हातमोजे, कापड, सिरिंजा, नळ्या, दंडाला बांधायची पट्टी, अशा कितीतरी वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या. संच बांधणारी कंपनी बाहेरचं लेबल एकदा बनवते. पुढे एका पुरवठादाराकडचा माल संपतो, दुसऱ्याकडून तशीच दिसणारी पट्टी येते, ती लेटेक्सची निघते, आणि बाहेरचं लेबल जुनंच राहतं. आतल्या पट्टीच्या स्वतःच्या पाकिटावर कदाचित इशारा असेलही, पण संच बांधताना ते पाकीटच काढून टाकलेलं असतं.

कधी खोक्यावर इशारा असतो आणि आतल्या सुट्या पाकिटावर नसतो. वॉर्डात खोकं पोचत नाही, सुटी पाकिटंच पोचतात. कधी माहितीपत्रकात असतो, लेबलावर नसतो. कधी एका देशाचं लेबल लावलेला माल दुसऱ्या देशात जातो. कधी उपकरणावरचा लेप बदलतो आणि छपाई विभागाला कुणी कळवत नाही. ही सगळी कारणं ऐकायला किरकोळ वाटतात. म्हणूनच प्रत्येक बदल लेबलापर्यंत पोचला की नाही हे पाहणारा एक जबाबदार माणूस कंपनीत असावा लागतो. तो नसला की ही वेळ येते.

लेटेक्स सोडून आणखी कशाचा इशारा हवा?

यात मी पहिलं नाव घेईन ते क्लोरहेक्सिडीनचं. हे जंतुनाशक आपल्या ओळखीचं आहे. हिरड्या सुजल्यावर दंतवैद्य देतात त्या माउथवॉशमध्ये, जखम धुवायच्या द्रावणात, ऑपरेशनआधी कातडीला लावायच्या औषधात ते असतं. पण कॅथेटर घालताना लावायच्या जेलमध्ये, काही ड्रेसिंगमध्ये आणि मानेतून घालायच्या सेंट्रल लाइनच्या लेपातही ते असू शकतं, आणि तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. लेप असलेली नळी आणि साधी नळी यांतला फरक लेबल वाचूनच करावा लागतो.

जपानमध्ये १९९७ मध्ये क्लोरहेक्सिडीनचा लेप असलेल्या सेंट्रल लाइनमुळे ॲनाफिलॅक्सिसचे रुग्ण आढळले आणि त्या नळ्या तिथल्या बाजारातून काढून घेण्यात आल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं अशा उपकरणांबद्दल इशारा दिला. ब्रिटनमध्ये दात काढलेली खाच क्लोरहेक्सिडीननं धुतल्यावर दोन रुग्ण दगावले. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या एमएचआरए या औषध-उपकरण नियंत्रक संस्थेनं क्लोरहेक्सिडीन असलेल्या सर्व उपकरणांविषयी आणि औषधांविषयी सूचना काढली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्वचेला लावायच्या क्लोरहेक्सिडीनमुळे झालेल्या ॲनाफिलॅक्सिसच्या ५२ नोंदी मांडल्या. त्यांत दोन मृत्यू होते. पन्नासेक वर्षांत ५२ हा आकडा लहान वाटेल, पण ज्या नोंदी झाल्या तेवढ्याच यात आहेत. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत तर ऑपरेशनदरम्यानच्या गंभीर ॲलर्जीच्या चार मुख्य कारणांत क्लोरहेक्सिडीन होतं, आणि लेटेक्सचा एकही रुग्ण नव्हता. लेटेक्सबाबत इतकी वर्षं केलेली मेहनत फळाला आली, असंच मी याकडे पाहते. क्लोरहेक्सिडीनबाबत तेवढी जागरूकता अजून यायची आहे.

त्याचा खरा त्रास असा की प्रतिक्रिया आली तर संशय भुलीच्या औषधावर किंवा अँटिबायोटिकवर जातो. रुग्णाच्या कार्डावर भलतीच ॲलर्जी लिहिली जाते आणि पुढच्या ऑपरेशनला पुन्हा क्लोरहेक्सिडीनच लावलं जातं.

आणखी काही पदार्थ?

हो, थोडक्यात. काही कॅथेटरवर चांदी आणि सल्फाचा लेप असतो, त्यामुळे सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी सांगावं. काहींवर मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही अँटिबायोटिक्स असतात. हाडांच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं असू शकतं. दात मजबूत करणाऱ्या काही लेपांत दुधाचं प्रथिन असतं. रक्त थांबवणाऱ्या काही ड्रेसिंगमधला कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतो, म्हणून मासळीची ॲलर्जी असलेल्या कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. गाई-डुकराच्या ऊतींपासून बनलेली जाळी, झडपा, जिलेटिन हेही त्यात येतं, आणि तिथे ॲलर्जीबरोबर श्रद्धेचाही प्रश्न असतो. तोही विचारायला हरकत नाही.

मला खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात. स्टेंट किंवा इम्प्लांट बसवायचं आहे. काय करू?

ही बहुधा निकेलची ॲलर्जी. ती फार सर्रास आढळते. हृदयाच्या पडद्याचं छिद्र बुजवायची काही उपकरणं आणि काही स्टेंट निटिनॉल नावाच्या मिश्रधातूचे असतात, त्यात वजनानं सुमारे ५५ टक्के निकेल असतं. कातडीवर निकेल सोसत नाही म्हणून शरीराच्या आतलं उपकरणही सोसणार नाही, असा थेट नियम नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण काहींना होतं, म्हणून ऑपरेशन ठरवतानाच सर्जनना सांगा आणि दुसऱ्या धातूचा पर्याय आहे का ते विचारा.

इशारा लेबलावर किती ठळक असावा, यावरचा मोठा वाद एशुअर या संततिनियमनाच्या उपकरणावरून झाला. गर्भनलिकेत बसवायच्या या स्प्रिंगमध्ये निकेल होतं. सुरुवातीला निकेलची ॲलर्जी असलेल्या स्त्रियांना ते बसवूच नये असं लेबलावर होतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ही मनाई काढून नुसता इशारा ठेवायला परवानगी दिली. पुढे हजारो स्त्रियांनी वेदनांच्या, स्प्रिंग सरकल्याच्या, अंगभर पुरळ आल्याच्या तक्रारी केल्या. २०१६ मध्ये लेबलावर चौकटीतला ठळक इशारा आला आणि त्यात ॲलर्जीच्या संशयित प्रतिक्रियांचा उल्लेख होता. २०१८ च्या अखेरीस ते विकणाऱ्या बायर कंपनीनं अमेरिकेतली विक्री थांबवली. हे रिकॉल, म्हणजे माल परत मागवणं, नव्हतं. पण मनाईचा साधा इशारा झाला की डॉक्टर-रुग्णांमधलं बोलणंही किती बदलतं, ते यातून दिसतं.

साखर मोजायच्या सेन्सरखाली कातडी लाल होते. लेबलावर काहीच नाही.

दंडावर चिकटवायच्या सेन्सरमधल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनाकडे बेल्जियममधल्या त्वचातज्ज्ञांनी २०१७ मध्ये लक्ष वेधलं. हे रसायन सेन्सरच्या भागांना जोडणाऱ्या गोंदात होतं. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेनं २०२० साठी ‘वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून त्याचीच निवड केली. शोध लागायला वेळ गेला, कारण क्रीम-पावडरच्या डबीवर सगळे घटक छापावे लागतात, पण महिनोन्‌महिने कातडीला चिकटून राहणाऱ्या उपकरणावर ते छापायची तशी सक्ती नाही. डॉक्टरांना स्वतः सेन्सरची चिरफाड करून, तपासण्या करून रसायन ओळखावं लागलं. हे मला अन्यायाचं वाटतं. मधुमेहाच्या लहान मुलांच्या आईबापांना गोंदात काय आहे हे जाणण्याचा पूर्ण हक्क आहे.

तुमच्या बाबतीत असं होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून करायची तपासणी) करून घ्या, आणि सेन्सर बदलायचा निर्णय मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. मनानं सेन्सर बंद करून साखरेकडे दुर्लक्ष करू नका.

रिकॉलचे पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असतात, म्हणजे काय?

अमेरिकेत पहिला वर्ग सर्वांत गंभीर, म्हणजे मृत्यूची किंवा मोठ्या इजेची खरीच शक्यता. दुसऱ्यात त्रास तात्पुरता किंवा बरा होणारा, किंवा गंभीर इजेची शक्यता कमी. तिसऱ्यात अपाय संभवत नाही. लेटेक्सचा इशारा राहिल्याचे रिकॉल बहुतेकदा दुसऱ्या वर्गात जातात. मात्र हा वर्ग सगळ्या जनतेचा सरासरी धोका पाहून ठरतो. तुम्हाला ॲनाफिलॅक्सिस होऊन गेला असेल, तर तुमच्यासाठी ‘दुसरा वर्ग’ या शब्दांत काहीच दिलासा नाही.

रिकॉल झालं म्हणजे शरीरातलं उपकरण काढायचं?

बहुधा नाही. रिकॉलमध्ये माल परत घेणंही येतं आणि जागेवर दुरुस्ती करणंही. इशारा राहिला असेल तर कित्येकदा कंपनी रुग्णालयांना पत्र पाठवून नवी लेबलं चिकटवायला सांगते आणि वस्तू वापरात राहते. तुमच्या अंगात असलेल्या वस्तूमुळे आजवर त्रास नसेल आणि त्या पदार्थाची ॲलर्जी नसेल, तर नुसत्या बातमीवरून ऑपरेशन करून ती काढण्यात जास्त धोका आहे. डॉक्टरांना भेटा, बॅच नंबर दाखवा, बोला.

भारतात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. आधी ठरावीक उपकरणांनाच कायदा होता. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. धोक्यानुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए-बी वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डी वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना व्यवस्था लागू झाली. देशपातळीवर काम पाहते ती सीडीएससीओ ही केंद्र सरकारची औषध-उपकरण नियंत्रक संस्था.

लेबलावर काय हवं ते नियम ४४ सांगतो. नाव, बॅच किंवा लॉट नंबर, मुदत, उत्पादक वा आयातदाराचा पत्ता यांबरोबर वापरणाऱ्याचं लक्ष वेधणारे इशारे आणि खबरदारीही त्यात येतात. आपलं उपकरण धोकादायक ठरू शकतं असं उत्पादकाला किंवा आयातदाराच्या प्रतिनिधीला वाटलं, तर त्यानं ते ताबडतोब बाजारातून मागे घ्यायला सुरुवात करावी आणि अधिकाऱ्यांना कळवावं, हे नियम ८९ मध्ये आहे.

अमेरिकेत रिकॉल झालं तर नाशिक-नांदेडच्या रुग्णाला कळतं का?

आपोआप कळेल यावर विसंबू नका. ॲलर्जीचं नाही, पण रिकॉलचंच एक उदाहरण सांगते. डेप्यू कंपनीचे एएसआर प्रकारचे खुब्याचे सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले गेले. भारतातला आयात परवाना रद्द झाला तो २०१२ मध्ये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं यात पुढाकार घेऊन पाठपुरावा केला होता. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती, आणि पुढे केंद्राच्या समितीनं शोध घेतला तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कुणाच्या फाइलवर नीट नोंद नव्हती, कुणाचा फोन बदलला होता.

म्हणून इम्प्लांट बसवलं असेल तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. त्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

परदेशात राहणारी मुलं तिकडून सेन्सर, पट्ट्या, मोजे पाठवतात. त्यांचं काय?

ज्या देशात ती वस्तू घेतली, तिथला रिकॉल तिच्यावर लागू होतो, पण कंपनीकडे पत्ता तुमच्या मुलाचा असतो. रिकॉलचं पत्र न्यू जर्सीला किंवा लंडनला जातं आणि वस्तू साताऱ्यात वापरली जात असते. मुलांना सांगून ठेवा की कंपनीकडून आलेली ई-मेल ‘जाहिरात असेल’ म्हणून न पुसता पुढे पाठवा. खोकंही लगेच फेकू नका, लॉट नंबर त्यावरच असतो.

ऑपरेशनला जाताना नेमकं काय सांगायचं?

‘काही ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं की आपण फक्त औषधांचा विचार करतो आणि ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी रबर, चिकटपट्टी, जंतुनाशक, धातू, फळं, मासळी, दूध, यांपैकी कशानं काय झालं होतं ते सांगा. केव्हा झालं आणि किती वेळात झालं तेही सांगा. सर्जननाच नव्हे, भूलतज्ज्ञांना आणि वॉर्डातल्या सिस्टरनाही सांगा. केस पेपरवर लिहिलं की नाही ते डोळ्यांनी बघा. ‘सारखं काय तेच सांगता’ असं कुणी म्हणालं तरी सांगा. लेटेक्सची ॲलर्जी पक्की असेल तर ओटी लेटेक्सविना तयार ठेवता येते आणि शक्यतो सकाळचं पहिलं ऑपरेशन तुमचं घेता येतं, म्हणजे आधीच्या हातमोज्यांचे कण हवेत नसतात.

आमचा छोटा दवाखाना आहे. सगळं बदलणं परवडत नाही.

सगळं बदलायची गरज नाही. आधी पावडरचे लेटेक्स हातमोजे बंद करा. दंडाला बांधायची रबरी नळी बदलून कृत्रिम पट्टी घ्या. ॲलर्जीच्या रुग्णासाठी एक छोटी पेटी वेगळी ठेवा, त्यात नायट्राइलचे हातमोजे, सिलिकॉनचा कॅथेटर, क्लोरहेक्सिडीन नसलेलं जंतुनाशक. माल घेताना दर बघतो तसं लेबलही बघा, आणि बॅच नंबर खरेदीच्या वहीत उतरवा. कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं की तो लॉट बाजूला काढून त्यावर ठळक ‘वापरू नये’ लिहा. पत्र फाइलला लावून माल कपाटातच राहिला, तर त्या पत्राचा कुणालाच उपयोग नाही.

अचानक प्रतिक्रिया आली तर?

श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, जीभ-ओठ सुजणं, अंगभर गांधी आणि सोबत चक्कर किंवा उलट्या, हे दिसलं की ॲनाफिलॅक्सिस समजा. वस्तू काढून टाका. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पहिलं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत. ॲलर्जीची गोळी आणि स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. घरी असाल तर १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो. कारण शोधायला मदत व्हावी म्हणून ट्रिप्टेजची (ॲलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी पहिल्या काही तासांतच घ्यावी लागते, ती घेतली का ते नातेवाइकांनी विचारावं.

तक्रार कुठे करायची? आणि रुग्णानं केली तर चालते का?

चालते. भारतात जुलै २०१५ पासून उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही लेखी तक्रार देता येते. बातम्यांत ‘एफडीए’ वाचताना अमेरिकेची की आपली, ते मात्र तपासा. दोघींचं नाव सारखंच आहे.

तक्रारीसोबत वस्तूचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत, कधी वापरली, काय झालं हे लिहा. लेबलाच्या चारही बाजूंचे फोटो लावा. उरलेली वस्तू आणि वेष्टन पिशवीत बांधून ठेवा, धुऊन टाकू नका. इशारा नव्हता हे सिद्ध करायचं असेल तर वेष्टन हाच पुरावा असतो, आणि नेमकं तेच ओटीतल्या कचऱ्याच्या बादलीत सगळ्यात आधी जातं.